डनमोरच्या क्वार्टरबॅकी गादीचे वर्तमान

प्रथम परमेश्वराचे, मग विश्वस्त मंडळाचे स्मरण करून, आयोवा प्रांती डनमोर विद्यापीठाचे फुटबॉल कचेरीत सामन्यांची टिपणे ठेवणार आज्ञाधारक लिहितो ऐसे की, आश्रयदात्या माजी विद्यार्थ्यांनी पुसले, त्या साली क्वार्टरबॅकीची गादी कोणास व कैसी मिळाली ते यथास्थित लिहिणे. त्यावरून जे पाहिले आणि खात्रीच्या मुखांतून ऐकिले ते लिहिले आहे. पदरचे घातले नाही, आणि कोचसाहेबांस सांभाळून घ्यावे म्हणून काही वगळलेही नाही.

वेंडेल क्रॅबट्री, कोच, फौजेचे मुख्य, उमर पंचावन्न, मोठे करारी पुरुष. खेळाडूंच्या दालनात भिंतीवर हातभर अक्षरांत ‘इमान’ हा एकच शब्द त्यांनी रंगवून घेतला होता, आणि प्रत्येक नव्या गड्यास त्याखाली उभे करून तसबीर काढवीत. परंतु मागील मोहिमेत बारा लढायांपैकी आठांत शिकस्त खाल्ली, आणि मग विश्वस्तांनी खलिता धाडिला की आणखी एक साल ऐसेच गेले तर आपण दुसरी चाकरी पाहावी.

क्वार्टरबॅक म्हणजे फौजेचा सेनापती. चेंडू प्रथम त्याचे हाती येतो आणि तो फेकील तिकडे सर्वांचे दैव जाते. त्या साली नव्या क्वार्टरबॅकची जागा एकच, आणि ती कोचसाहेबांनी दोन साल अगोदर हॅमर्ली गावच्या ओटिस लिंडग्रेन यांस कबूल केली होती. ओटिस शेतकऱ्याचे पुत्र, तेव्हा उमर सोळा. हात बेताचा, डोके शाबूत, आणि शब्दाचे ऐसे पक्के की मागाहून दोन विद्यापीठांचे वकील दारी आले, त्यांस कॉफी पाजून वाटे लाविले.

इतक्यात टेक्सास प्रांतातून बातमी आली की जॅक्सटन डेलाक्रॉ, जे साठ यार्डांवर धावत्या माणसाचे छातीशी चेंडू नेऊन ठेवितात, आणि ज्यांस जाणत्यांनी पाच तारे बहाल केले आहेत, त्यांनी पहिल्या विद्यापीठास दिलेले वचन मोडिले व नवा धनी पाहतात, आणि डनमोरचेही नाव मुखी घेतले. मग भरतीचे कारभारी रे बोडीन धावत कोचसाहेबांचे दालनी आले आणि मसलत दिली की लिंडग्रेन यांचा कौल फिरवावा. कोचसाहेबांनी हरकत घेतली की पोराने दोन साल दुसऱ्या कोणाकडे पाहिले नाही. तेव्हा बोडीन बोलिले,

“कोच, इमानदार माणूस काय करतो, तुमच्या निरोप समारंभाला केक आणतो. जॅक्सटन आला तर निरोपच होणार नाही.”

ही मसलत मनास लागली. मग शनिवारी खासा स्वारी एकटीच, सरकारी मोटारीत, बर्फ तुडवीत तीन तास दरकूच करून लिंडग्रेनांचे दारी पोहोचली. निश्चय ऐसा की उंबऱ्यातच उभे राहून सांगावे आणि परतावे. परंतु मातोश्री मार्लीसबाई मोठ्या धोरणी. त्यांनी कोट काढून घेतला आणि कोठे ठेविला ते सांगितले नाही, आणि मग बटाटा-खिम्याचे वाफाळते भांडे पुढे आणून ठेविले. कोचसाहेबांनी घास गिळून तोंड उघडावे तो बाईंनी आणखी वाढावे, आणि पुन्हा उघडावे तो लोणच्याची बरणी पुढे करावी. वडील आर्विड तासाभरात एकच वाक्य बोलिले, तेही बर्फाविषयी. ओटिस समोर बसून पाहत होते. मग ॲपल पाय आला, आणि जरा बोलायचे होते ऐसे कोचसाहेबांनी काढताच बाई म्हणाल्या,

“बोला की. पण ही प्लेट आधी संपवा. भुकेल्या माणसाच्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं.”

येणेप्रमाणे तीन प्लेटी रिचवून, मुद्द्याचे अक्षर न बोलता, स्वारीने माघार घेतली.

सोमवारी सकाळी ओटिस आपण होऊन वडिलांची गाडी हाकीत डनमोरास दाखल जाहले, आणि वर्दी न देता दालनात येऊन उभे राहिले.

“कोच, शनिवारी तुम्ही काही सांगायला आला होतात. आईनं सांगू दिलं नाही. आता सांगा.”

कोचसाहेबांनी मेजावरील कागद सारखे केले, मग पुन्हा सारखे केले, आणि मग सांगितले की जागा डेलाक्रॉ यांस जाणार, आपला कौल रद्द, यात आपले उणे काही नाही. ओटिस यांचे कान तांबडेलाल जाहले. आम्हांस वाटले, रडतील. रडले नाहीत.

“मी शब्द दिलाय, तो मी परत घेत नाही. तुमच्या शब्दाचं तुम्ही बघा.”

आणि निघून गेले. कोचसाहेब त्या दिवशी सरावास अर्धा तास उशिरा आले, ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते.

मग सह्यांचा बुधवार, म्हणजे नव्या गड्यांनी विद्यापीठांच्या करारांवर सह्या करण्याचा दिवस, उजाडला. टेक्सासात डेलाक्रॉ यांनी टीव्हीवाले जमवून मेजावर तीन विद्यापीठांच्या तीन टोप्या मांडिल्या, पैकी एक डनमोरची. जी मस्तकी चढेल त्या फौजेचे नशीब उघडणार. इकडे कचेरीत आम्ही टीव्हीवर पाहत होतो. डेलाक्रॉ यांचा हात डनमोरच्या टोपीवर आला, आणि बोडीन उभे राहिले. मग हात पुढे सरकला, आणि मग मेजाखालून चौथीच टोपी काढून मस्तकी धारण केली. बोडीन उभेच होते. त्यांस बसण्याचे सुचेना.

भानावर येऊन त्यांनी लिंडग्रेन यांस फोन लावू का ऐसे पुसले. कोचसाहेबांनी कोट चढविला.

“फोनवर नाही. हे समोर उभं राहूनच मागावं लागेल.”

मग बोडीन यांस सवे घेऊन दुसरी मोहीम निघाली आणि दुपारी हॅमर्लीच्या शाळेत पोहोचली. तेथे व्यायामशाळेत दोन अन्य खेळाडूंच्या सह्यांचा समारंभ होता, आणि ओटिस सोबत्यांसाठी टाळ्या वाजवायास पहिल्या रांगेत बसले होते. कोचसाहेब दोनशे माणसांदेखत त्यांजपुढे जाऊन उभे राहिले आणि जागा पुन्हा देऊ केली. ओटिस यांनी विचार केला, आणि मग अट घातली की सोमवारी दालनात जे घडले ते येथे सर्वांस सांगावे.

कोचसाहेबांनी सांगितले. शब्द फिरविला, चांगला मिळतो म्हणून फिरविला, आणि तो न मिळाला म्हणून आज आलो, यातील काही लपविले नाही. मागील रांगेतून कोणी म्हणाले की निदान खोटे तरी बोलला नाही. आर्विड यांनी खिशातून लेखणी काढून पुत्राचे हाती दिली, आणि ओटिस यांनी सही केली.

तेव्हा गावच्या बातमीदाराने कोचसाहेबांस पुसले की उद्या दुसरा पाच ताऱ्यांचा आला, तर पुन्हा ऐसेच कराल काय. कोचसाहेब बोडीन यांजकडे पाहू लागले. बोडीन जमिनीकडे पाहू लागले. उत्तर ओटिस यांनी दिले.

“विचारता कशाला? करणारच. म्हणून तर मी उद्यापासून रोज शंभर चेंडू जास्त फेकणार आहे.”

तेणेप्रमाणे डिसेंबरच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, तिसऱ्या प्रहरी, डनमोरची क्वार्टरबॅकी ओटिस आर्विड लिंडग्रेन यांजकडे कायम जाहली, आणि विद्यापीठाने जाहीर केले की कोच क्रॅबट्री यांची प्रथमपासून हीच एक निवड होती. फत्ते जाहली. दफ्तरी दाखल केले असे.