संभाषण की संगीत

अकरमच्या हातून सुगंधाबाईचं गाणं पुसलं गेलं, तेव्हा तिचा नवरा रामाजी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून बशीतून चहा पीत होता.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर अकरमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. रामाजी सकाळच्या जीपने गावाहून आला होता. उद्या बायकोची तेरवी. दिवाळीत मुलगी रंजीतानं आईचं एक गाणं त्याच्या फोनवर टिपलं होतं. सुपाच्या ठेक्यावर म्हटलेलं, भाताच्या रोवणीचं. ते उद्या मोठ्या स्पीकरवर लावायचं होतं. पण फोननं ते बोलणं साठवायच्या कुठल्याशा हलक्या फॉरमॅटमध्ये ठेवलेलं, अन् स्पीकर ते ओळखेचना.

"चहा पेऊन या भाऊ, तवरिक करून देतो," अकरम म्हणाला.

कॉम्प्युटरवरच्या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामनं विचारलं, संभाषण की संगीत? फोनमधलं म्हणजे संभाषणच, म्हणून अकरमनं तेच दाबलं. खाली 'मूळ फाइल काढून टाका' यावर आधीपासूनच खूण होती, ती त्याला दिसली नाही.

हेडफोन लावला, तर रेकॉर्डिंगमध्ये रामाजी कोणावर तरी खेकसत होता. पुढं सरकवलं, तर नुसती शांतता. प्रोग्रामनं अख्खं गाणं सुपाच्या ठेक्यासकट गोंगाट समजून साफ करून टाकलं होतं.

अकरमनं उरलेलंच पुन्हा 'संगीत' करून पाहिलं. आता रामाजी सुरात खेकसू लागला. पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम लावला, तर बैलाचे जुने फोटो परत आले. गाणं आलं नाही.

"झालं का, बावा?" रामाजीनं दारातून विचारलं.

"थोडं बाकी हाये. उद्या मीच घेऊन येतो."

घरी बायकोनं, निशातनं, सगळं ऐकून घेतलं. "जाके सच बोल दो," ती म्हणाली. "मय्यत के घर में झूठ नको."

रिकाम्या हातानं जाववेना, म्हणून उरलं होतं तेवढं पेन ड्राइव्हवर घालून अकरम दुसऱ्या दिवशी गावात पोचला. मांडवात पंगत बसली होती. रामाजीला बाजूला घेऊन सांगावं, असा त्याचा विचार. पण स्पीकरपाशी जावई पियुष उभा होता.

"या, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो!" म्हणत त्यानं पेन ड्राइव्ह हातातून घेतलाच.

"थांबा, जवाईबापू, आधी आइका—"

गावभर आवाज घुमला. "भाजीत मीठ काऊन नाई वं? अन् माहा टॉवेल कुठी टाकला? गाणे गाऊन पोट भरते का?"

पंगत थबकली. कोणाला तरी वरणाचा ठसका लागला. त्यानं लगेच मान खाली घातली. रामाजीनं तर ती आधीच घातली होती. रंजीता स्पीकर बंद करायला धावली. तेवढ्यात सुगंधाबाई बोलली. स्वच्छ, सावकाश.

"झाली का तुमची किरकिर? आता चूप बसा अन् आइका."

पुढं काहीच नाही. रंजीता जागच्या जागी उभी राहिली. पियुषनं बटणाकडे हात नेला.

"राहू दे," रामाजी म्हणाला. "चूप बसा म्हन्ते ना ती."

कोणी घास उचलला नाही. स्पीकर आपोआप थांबेपर्यंत रामाजी मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"भाऊ," अकरम कसाबसा म्हणाला, "गाणं माह्या हातानं गेलं."

"समजलं मले." रामाजीनं त्याच्यासाठी पत्रावळ मांडली. "त्या दिवशी गाणं होतं, पन मी टॉवेल शोधाले बाहेर निंगून गेलतो. आज बसलो तरी. बस, जेवून घे."