पहिलीत बसवणारे गुरुजी

शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली आणि पहिल्याच दिवशी मला पहिलीच्या वर्गात बसवण्यात आलं. शिकवायला नव्हे, शिकायला. डी.एड.ला चांगले मार्क, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये नेमणुकीचा कागद, आणि मी तिसऱ्या रांगेत तरटपट्टीवर मांडी घालून, हातात पाटी. मुख्याध्यापक देसले गुरुजींनी हजेरी घेतली आणि सगळ्यात शेवटी माझंही नाव पुकारलं. मी "हजर" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शेणव्याला एसटीतून उतरून तासभर डोंगर चढला की वाडीतली ही दोन शिक्षकांची शाळा लागायची. मी शहापूरहून रोज जात असे. माझ्या आधीच्या बाईंची बदली झाली होती, पण गुरुजींनी त्यांना आठ दिवस सोडलं नव्हतं, कारण मी बसणार तर शिकवायला कुणीतरी हवं ना! त्या बाईही कधीकाळी याच पट्टीवर बसून गेल्या होत्या. त्यामुळे माझ्याकडे बघून त्यांना जे हसू फुटत होतं ते काही केल्या आवरत नव्हतं.

"आदी बूड टेका, मग तोंड उघडा," हे देसले गुरुजींचं शिक्षणशास्त्र. माणूस मुरबाडकडचा, पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा. शर्टाच्या खिशाला खडूचा कायमचा डाग. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतरही भाषा घरचीच ठेवलेली. प्रमाण भाषा ते फक्त वाचताना वापरत आणि ती संपली की घाम पुसत.

मला अर्थात संताप आला होता. पण पहिल्याच दिवशी एक शोध लागला. तिसऱ्या रांगेतून फळा दिसतच नव्हता. दारातून येणारं ऊन त्याच्यावर चकाकायचं आणि आमच्या अर्ध्या रांगेला नुसता पांढरा पट्टा दिसायचा. दुसऱ्या दिवशी कळलं की बाहेर जायची परवानगी मागायला किती धीर लागतो. मी चोवीस वर्षांची बाई, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळ काढली. तिसऱ्या दिवशी शेजारची एक चिमुरडी तिच्या घरच्या बोलीत माझ्याशी भराभर काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मी हसून "हो" म्हटलं. तिने शांतपणे माझी पेन्सिल उचलली आणि दप्तरात टाकली.

संध्याकाळी गुरुजींनी रोजच्यासारखं विचारलं, "बाई, आज काय शिकलात?"

"माझी पेन्सिल गेली," मी म्हणाले.

"का गेली?"

"मला कळलं नाही आणि मी हो म्हटलं."

गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. "आता ध्यानात ठेवा. वर्गात 'समजलं का' असं कदी इचारायचं नाय. पोलिसानं इचारलं का माणूस नाय म्हणतो, मास्तरानं इचारलं का हो म्हणतो. खरं दोघांना बी कळत नाय. पोरांना करून दाखवायला सांगायचं."

कॉलेजमध्ये दोन वर्षं मूल्यमापन हा विषय होता मला. पेन्सिल गेल्यावर तो कळला.

गुरुजींच्या तडाख्यातून साहेबलोकही सुटत नसत. एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. अंगाने भरभक्कम, सफारी घातलेले. गुरुजींनी त्यांच्यासाठी खुर्ची म्हणून काही ठेवलीच नव्हती. "साहेब, तपासणी करायचीय ना? मंग पोरांतनं करा," म्हणून त्यांना तिसरी-चौथीत मागच्या रांगेत बसवलं. साहेब बिचारे भिडस्त. अर्धा तास बसले, एक गणितही सोडवलं, आणि उठायला गेले तर दोन्ही पायांना मुंग्या. शेवटी चौथीतल्या तिघांनी धरून उभं केलं. मला वाटलं, आता शाळेला टाळं. पण साहेबांनी जाताना शेरा लिहिला, "फळा दुसऱ्या भिंतीवर घ्यावा." पुढच्या आठवड्यात दोन्ही वर्गांतले फळे हलले. गुरुजी दोन वर्षं त्यासाठी अर्ज करत होते म्हणे.

आणखी एक खूळ. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. तोवर दुसरा प्रश्न नाही, मदत नाही, ओरडणं तर नाहीच. "ओठ हलवायचे नाय बाई, पोरं बी मोजाय लागतात." मी सुरुवातीला चारच्या पुढे टिकत नसे. गुरुजी दारामागून ऐकत आणि नंतर सांगत, "आज सहापर्यंत गेलात. बरं हाय."

छडीचा तर त्यांना तिटकारा. पालक मोठ्या कौतुकाने निगडीचे फोक तासून आणून देत, "गुरुजी, सोडू नका आमच्या पोराला." गुरुजी "लय झाक" म्हणून ठेवून घेत आणि शाळेमागे लावलेल्या घेवड्याच्या वेलांना आधार देत. कुठल्या पालकाच्या छडीवर किती शेंगा आल्या, हे ते त्या-त्या पालकाला आवर्जून कळवत.

या सगळ्यात एकच गोष्ट बसत नव्हती. पहिलीबद्दल एवढं बोलणारा हा माणूस स्वतः कधी पहिलीवर जात नसे. हजेरी घ्यायची की निघाले. "पहिली मला झेपत नाय," एवढंच म्हणायचे. माझी रजा म्हणजे त्यांच्यावर संकट. मी आले नाही की ते चौथीच्या दोन मुलींना पुढे करून पहिलीला अंगणात खेळायला सोडत. मी एकदा टोमणाही मारला, "गुरुजी, दुसऱ्यांना बसवायचं आणि आपण उभंही राहायचं नाही, हे बरंय!" ते हसले नाहीत. मला चुकल्यासारखं झालं, पण का ते कळेना.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी खाली न उतरता वरच्या पाड्यावर जात. गावात कुजबुज होती की तिकडे मोहाची चांगली मिळते. मलाही ते पटलं होतं, खोटं का बोला. एका शनिवारी पटसंख्येचा कागद त्याच दिवशी तालुक्याला द्यायचा होता आणि त्यावर त्यांची सही राहिलेली. मी चिडतच वर चढले.

वाळकू नावाच्या माणसाच्या अंगणात गुरुजी जमिनीवर बसले होते. वाळकू तिशीचा, खाली मान घालून टोपलीसाठी बांबू सोलून चोया काढत होता. त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी हिरी दाराआडून बघत होती. बाटली नव्हती, पेला नव्हता. गुरुजी म्हणाले, "मंग, जूनला धाडशील का तिला?"

"बगू," वाळकू म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

उतरताना गुरुजी आपणहून बोलले. नोकरीला लागले तेव्हा पहिली नेमणूक याच शाळेत, पहिलीवर. पहिल्याच दिवशी वाळकूला नाव विचारलं. त्याला यांची भाषा नवी, यांना त्याची. तो गप्प. तीनदा विचारलं आणि छडी ओढली.

"मला वाटलं, पोर मुजोर हाय. दहा आकडे बी थांबलो नाय बाई. तो उठून घरी गेला, तो परत आलाच नाय. पुढं माझी मुरबाडला बदली झाली, तरी ते पोर डोळ्यासमोरनं जाईना. मंग मीच ही शाळा मागून घेतली."

लोक डोंगरावरून खाली बदली मागतात, या माणसाने वर मागून घेतली होती. तीन वर्षं दर शनिवारी ते वाळकूच्या अंगणात बसत होते. शाळेत येण्याचं त्याचं वय गेलं होतं, आता निदान हिरी तरी यावी. आणि तिच्या शाळेचं विचारलं की उत्तर एकच मिळत होतं. मोहाची गोष्ट आठवून मला स्वतःची फार लाज वाटली.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या दिवशी वाळकू हिरीला घेऊन दारात उभा. मी धावतच पुढे गेले, "ये गो, माझ्या वर्गात ये."

"बाईंकडं नाय," वाळकू म्हणाला. त्याने गुरुजींकडे बोट केलं. "ती तुमच्याच म्होरं बसंल. मी बी हितंच हाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. मी तिसरी-चौथीच्या खोलीत गेले. मधल्या दारातून सगळं दिसत होतं. त्यांनी हिरीला नाव विचारलं नाही. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "मी देसले." पोरं खदाखदा हसली. हिरी हसली नाही, बोलली नाही. गुरुजी थांबले. मग इतरांना चित्रं काढायला दिली, गोष्ट सांगितली, दर थोड्या वेळाने तिच्याजवळ जाऊन बसले आणि पुन्हा थांबले. वाळकू बाहेर झाडाखाली बसून होता. जेवायलाही गेला नाही.

शाळा सुटल्यावर त्याने हिरीला जवळ घेतलं. "मारलान का गो?"

"नाय."

"उद्या येशील?"

हिरीने मान डोलावली. वाळकूने गुरुजींकडे एकदा पाहिलं. "येतो मास्तर," म्हणाला आणि तिला खांद्यावर घेऊन चढणीला लागला.

गुरुजी दारात उभे राहिले. दोघं दिसेनाशी झाली तरी उभेच. मग माझ्याकडे वळले. इतकी वर्षं नव्या शिक्षकांना ज्याने रोज संध्याकाळी प्रश्न विचारले, तो माणूस पहिल्या दिवशीच्या शिक्षकासारखा चाचरत म्हणाला, "बाई, कसा झाला वर्ग?"

माझ्या जिभेवर एरवी दहा उत्तरं तयार असतात. त्या दिवशी मी आधी मनात दहा आकडे मोजले.

"गुरुजी," मी म्हणाले, "उद्याही पहिली तुम्हीच घ्या."