एक नंबरचं कासव

एका जंगलात घडलेली ही गोष्ट, बाळांनो, साऱ्या मुलखात फक्त मला ठाऊक आहे. म्हणजे मला, आणि ज्या ज्या कट्ट्यावर मी बसलो तिथल्या सगळ्यांना. माझ्या पोटात काही राहत नाही.

त्या जंगलात निरोप धाडायला कासवांची उतरंड होती. एकावर एक, तीन कासवं. प्रत्येकाच्या पाठीला एक लांब पोकळ वेल बांधलेली. वेलीत बोललं की दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तळाच्या थकूबाईची वेल हरणीच्या जाळीत, मधल्याची अस्वलाच्या कपारीत, वरच्या टणकूची थेट वाघाच्या गुहेत.

झाडावर गुलाबराव वानर बसायचा. निरोप आला की नंबर पुकारायचा.

नंबर देताना पंचाईत झाली होती. तळ्यातून आली तेव्हा तिन्ही कासवांचा नंबर एकच होता: एक. प्रत्येकाच्या आईनं सांगितलेलं, 'तूच पहिला.' तुमच्या आईनं नाही सांगितलं? मग गुलाबरावानं खालून मोजलं. थकूबाई एक, मधला दोन, टणकू तीन. सगळं सुरळीत चाललं होतं.

एक दिवस टणकू म्हणाला, "अहो गुलाबराव, सगळ्यांच्या डोक्यावर बसायचं मी, आणि नंबर तिसरा? येणारे-जाणारे हसतात हो."

कुणी 'अहो' म्हटलं की गुलाबराव विरघळायचा.

"मग वरून मोजू. टणकूशेठ एक, थकूबाई तीन."

"आणि मी?" मधल्यानं विचारलं.

"तू दोनच."

"मग मला उठवलंत कशाला?"

पण कासवाच्या टाळक्यात नवा नंबर झोप झाल्याशिवाय शिरत नाही. गुलाबरावानं "एक नंबर!" अशी हाक मारून पाहिली, तर थकूबाईच 'ओ' म्हणाली. 'जाऊ दे, जमलं नाही,' म्हणून तो ते विसरूनही गेला. दुपारी कासवं झोपली. उठली ती नवे नंबर घेऊन.

संध्याकाळी सिंहमहाराजांचा निरोप आला, वाघाला जेवायला बोलवा.

"तीन नंबर!" गुलाबराव ओरडला. "महाराजांकडे जेवायला या, पोराबाळांसकट!"

थकूबाईनं वेलीत इमानानं सांगितलं. हरणीनं ऐकलं, पाडसाचं तोंड चाटून लख्ख केलं आणि निघाली.

इकडे बोलावणं आलं नाही म्हणून वाघ स्वतःच शिकारीला उठला. गुलाबरावानं ते शेंड्यावरून पाहिलं.

"एक नंबर! वाघ निघाला, पळा!"

टणकूनं छाती फुगवून निरोप दिला. वाघाच्या गुहेत.

वाघानं आयुष्यात हा निरोप ऐकला नव्हता. तो नेहमी दुसऱ्यांसाठी असायचा. वाघ दचकला. आपण तर इथं आहोत, मग निघाला तो कोण? शेपूट पायांत घालून तो डोंगरापलीकडे पळाला.

गुलाबराव हसणार, एवढ्यात त्याला नटूनथटून सिंहाच्या गुहेकडे चाललेली हरणी दिसली. मागं पाडस, तीन पायांवर उड्या मारत, चौथा मजेत हवेत. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. नंबर हलले होते, वेली होत्या तिथंच होत्या!

तो फांद्या मोडत धावला. पोचला तोवर सिंह ओठ चाटत म्हणत होता, "या, या! आमंत्रण वाघाला दिलं, आणि जेवणच चालत आलं!"

पाडस आईच्या पोटाखाली शिरलं.

"महाराज," गुलाबराव धापा टाकत म्हणाला, "वाघ पळाला."

"वाघ? कुणाला भिऊन?"

"वाघ निघाला म्हणून!"

सिंहाच्या आयाळीला घाम फुटला. वाघ ज्याला भिऊन पळतो, असा वाघ! त्याला एकदम नदीपलीकडचं तातडीचं काम आठवलं. पाहुण्यांचा निरोप घ्यायलाही तो थांबला नाही.

गुलाबराव मिशीवरून हात फिरवत हरणीला म्हणाला, "बघ, कुणामुळं वाचलीस? आता तात्पर्यसुद्धा मीच सांगतो."

तात्पर्य: नंबर मानाप्रमाणेच द्यावेत. त्यानं दुबळ्यांचे जीव वाचतात.

हरणी म्हणाली, "खरंय, भावजी. महाराज उद्या परत येतील, पुन्हा जेवायला बसतील. तेव्हा आमच्या जाळीतली ती तीन नंबरची वेल तुमच्याच झाडाला बांधून घ्या. मान तुमचा."