सतरा ठिपक्यांचा गुन्हा

"चूक मला घाबरून राहते," असं प्रयोगशाळेचे भांडारप्रमुख स्वतःबद्दल सांगत. खिशात कायम भिंग असल्यामुळे सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणत. आजवर तेवीस प्रकरणं त्यांनी हाताळली होती. त्यांतली हरवलेली कात्री तर त्यांच्याच टेबलावर सापडली होती. दुसरं वेड टापटिपीचं. अर्ध्या भरलेल्या दोन बाटल्या दिसल्या की त्यांची एक झालीच पाहिजे. गेल्या आठवड्यात शाई आणि जखमेवरचं औषध असंच एकत्र नांदलं, आणि त्यांच्या सहायकाचा अंगठा पाच दिवस निळा राहिला.

त्या सकाळी संशोधक ताई रडवेल्या चेहऱ्याने काचेची बशी घेऊन आली. "साहेब, हिच्यात काहीच उगवायला नको होतं. सतरा ठिपके आलेत!"

तिच्याकडे जीवाणूंच्या दोन जाती होत्या. थोरलीला पिवळं औषध मारत नसे, धाकटीला पांढरं. बशीत दोन्ही औषधं होती आणि पसरली होती फक्त धाकटी. म्हणजे पिवळ्याने ती मरायलाच हवी होती. अकरा वाजता ताईच्या मार्गदर्शक मॅडम येणार होत्या. मूळ साठाच बिघडला असेल, तर ताईचं सहा महिन्यांचं काम मोरीत जाणार होतं.

"पिवळं औषध घालायला विसरलीस," भिंगसाहेब म्हणाले.

"त्याच औषधाच्या बाकीच्या बश्या स्वच्छ आहेत," सहायक पुटपुटला.

"मग उघड आहे! थोरली आणि धाकटीचं लग्न झालं, आणि हे सतरा वारस!"

"साहेब, यांच्यात लग्न नसतं," ताई म्हणाली. "एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार. लेकी आईसारख्याच. पण थोरली शेजारी असली, तर ती बारीक नळी जोडून आपल्या गुणाची नक्कल धाकटीला देऊ शकते. देणारीचं काही कमी होत नाही. पण मी दोघींना वेगवेगळ्या काचनळ्यांत ठेवलं होतं!"

"म्हणजे घातपात! शेजारच्या खोलीतला तो दाढीवाला..."

"तो महिनाभर रजेवर आहे," सहायक म्हणाला.

भिंगसाहेबांनी भिंग रोखलं ते भांडी धुणाऱ्या मावशींवर. "काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"मोरीत. तुम्ही दिलेली नळी घासत होते."

"कुठली नळी?"

"ताई जीवाणू वाढवते त्या गरम कपाटातली. दोन नळ्या अर्ध्या होत्या ना? 'जागा कशाला अडवायची' म्हणत तुम्हीच एकीतलं दुसरीत ओतलंत."

सहायकाने निळसर अंगठ्याकडे पाहिलं.

"किती वाजता?" ताईने विचारलं.

"बाराला. तू बशीत पसरायला ती नळी न्यायला चारला आलीस," मावशी म्हणाल्या. "मी तिथेच होते."

"चार तास! तेवढ्यात थोरलीने गुण दिलाच असणार." ताईचा चेहरा उजळला. "म्हणजे बिघाड त्या नळीत. मूळ साठा बर्फाच्या पेटीत आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. एक बशी गेली, बस्स!" ती मॅडमना सांगायला धावली.

भिंगसाहेबांनी घसा साफ केला. "गुन्हेगाराला मी पहिल्यापासून ओळखून होतो."

"ओळखणारच," मावशी म्हणाल्या, "रोज आरशात भेटतो."

साहेबांनी ते ऐकलंच नाही. टेबलावरच्या दोन अर्ध्या कपांकडे त्यांचं लक्ष होतं. एकात सहायकाचा चहा, दुसऱ्यात मावशींची कॉफी. हात पुढे झाला, आणि सहायकाने चहा एका घोटात संपवला.