सोनबा साळिंदराचं खोटं चित्र

एका जंगलात, बाळांनो, चित्रकार फार झाले होते आणि भिंती कमी होत्या. शिवाय तिथे अशी समजूत होती, की नदीपलीकडे राहून आला तोच खरा चित्रकार.

म्हणून सोनबा साळिंदर नदीपलीकडे निघाला. आईला म्हणाला, "तिथल्या सिंहमहाराजांच्या गुहेत माझ्या नावाचं चित्र लागलं, की परत येतो."

परक्या जंगलात त्याला आई आठवली. त्याने आपल्या बिळाचं चित्र काढलं. वर करवंदीची जाळी, दारात वाळत घातलेली कंदमुळं.

चंपाबाई कोल्हीण चित्रं विकायची. ती म्हणाली, "छान आहे हो. पण तुम्ही जिवंत आहात ना!"

"मग?"

"मग कोण घेणार? आमचे चित्रकार अस्वलबुवा वारले आणि त्यांच्या चित्रांसाठी वाघसुद्धा रांगेत उभे राहिले. त्यांच्यासारखं एक काढता का?"

सोनबाने अस्वलबुवांसारखं मधाच्या पोळ्याचं चित्र काढलं. चंपाबाईने ते चुलीच्या धुरात धरून जुनं केलं. घुबडकाका चित्रांचे पारखी. ते म्हणाले, "अस्सल अस्वलबुवा!" चित्र सिंहमहाराजांच्या गुहेत लागलं. नाव मात्र अस्वलाचं.

अशी चाळीस पोळी झाली.

एकदा महाराजांनी गुहेतल्या पोळ्याला पाठ घासली आणि केवढ्याने ओरडले! रंगात साळिंदराचा काटा अडकला होता.

सोनबाला धरून आणलं. तो रडत म्हणाला, "महाराज, सगळी पोळी माझीच."

दरबार थक्क झाला. "काय हात आहे!" महाराजही खूश झाले. "आता तुझ्या नावाचं चित्र लावू. आण!"

सोनबा धावत जाऊन बिळाचं चित्र घेऊन आला.

घुबडकाकांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "महाराज, हे खोटं आहे."

"अहो काका, मीच काढलंय!"

"गप्प बसा. खरा सोनबा अस्वलबुवांसारखं काढतो. हे तर कुणासारखंच नाही."

सोनबा साळिंदराची नक्कल केली म्हणून सोनबा साळिंदराला चित्रासकट नदीपार हाकललं.

आईने चित्र बिळात लावलं. "तूच काढलंस ना रे?"

"घुबडकाका नाही म्हणतात."

"त्याला काय कळतंय? कंदमुळं तर माझीच आहेत."

तात्पर्य: स्वतःसारखं चित्र जरूर काढावं, बाळांनो. फक्त ते आधी दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवलेलं असावं.