रंगनाथचं वाळवण

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि चिमटीत वाळलेल्या कोंबडीची पट्टी धरून ती सूर्याकडं करून बघतोय, असा माणूस दिसला तर समजा तुम्ही आमच्या बोरीत आलात आणि समोर रंगनाथ आहे. त्याला हाक मारू नका. पट्टी बघताना तो कुणाला ओ देत नाही.

रंगनाथ माझा शेजारी. आमच्या दोघांच्या मधे एक बांध आणि एक शेवग्याचं झाड. झाड माझं आहे. तो वेगळं सांगेल, पण ते असो.

त्यानं सगळी उमर बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली केली. बैलाच्या तोंडात हात घालायचा, शेपटी उचलायची, चार पावलं चालवायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, "डाव्या पायात खोट हाय. मालकाला ठावं हाय, तुमालाच न्हाई." समोरचा चिडला की म्हणायचा, "मी मुक्या जिवाच्या बाजूनं बोलतोय. त्येला बोलता येत न्हाई, म्हनून मी बोलतो." हे वाक्य त्याच्या तोंडात विड्यासारखं कायम. भाव ठरायचा टॉवेलाखाली. वरून पावसापाण्याच्या गप्पा आणि खाली बोटं दाबून सौदा. अख्ख्या बाजारात त्याला कुणी फसवलं नव्हतं. फसवलं ते कुत्र्याच्या खाऊनं.

त्याचं झालं असं. रंगनाथची बायको वारली. मुलगा पिंपरीला कंपनीत. तिकडं सून मनीषा, नात सई आणि सईचा कुत्रा चिकू. चिकू म्हणजे पांढऱ्या लोकरीचा गुंडा. तोंड कुठलं आणि शेपटी कुठली हे तो चालायला लागल्यावर कळतं. आमच्याकडं बिबट्याच्या भीतीनं कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे. चिकूच्या गळ्यात घुंगरू.

गेल्या मे महिन्यात मंडळी चांगली आठ दिवस राहायला आली. रंगनाथला वाटलं, नातीच्या कुत्र्याचा पाहुणचार करावा. स्वतः माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, पण बाजारातल्या एका हातगाड्यावरून त्यानं वाळक्या मटणाच्या पट्ट्या आणल्या. लालभडक, चकचकीत आणि स्वस्त. चिकूनं चार खाल्ल्या आणि घरातल्या एकुलत्या एक चांगल्या गोधडीवर सगळ्या परत केल्या. दिवसभर उलट्या थांबेनात. त्याला नारायणगावला दवाखान्यात नेलं आणि मंडळी तिथूनच पिंपरीला गेली. निघताना सून फोनवर शांतपणे म्हणाली, "बाबा, रागानं नाही सांगत, पण चिकूला आता गावाकडं नाही आणणार. आणि चिकूशिवाय सई येत नाही, तुम्हाला माहिती आहे."

म्हणजे कुणीच येणार नव्हतं. दिवाळीला आलंही नाही. रंगनाथनं दारात पणती लावली आणि माझ्याकडं येऊन बसला. म्हणाला, "दामू, रंगवलेली शिंगं बघून बैल घेतला रं मी." मी म्हणालो, "घेतलास खरा." त्याचं काय चुकलं होतं ते त्याला कळलं होतं, मी कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला.

आधी नारायणगावच्या कुत्र्या-मांजरांच्या दुकानात. मलाही नेलं. दुकानदार चांगला माणूस, पँटवाला. त्यानं एक चिमुकलं पाकीट पुढं ठेवलं. रंगनाथनं भाव ऐकला. "येवढ्यात जिती कोंबडी येती. ती वर अंडी बी घालती." मग म्हणाला, "खाऊन दाखव."

"काका, हे कुत्र्यांचं आहे."

"मग? पेंड आधी मी खायचो, मंग बैलाला घालायचो."

दुकानदार खाईना. तेव्हा रंगनाथनं खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला आणि बोटं दाबायला लागला. वरून म्हणतोय, "यंदा थंडी बरी हाय." दुकानदार घाबरला. त्यानं हात सोडवला, खुर्ची पुढं केली. "काका, चक्कर येतेय का? पाणी आणू?" भाव काही उतरला नाही. पाणी मात्र आम्ही प्यालो.

मग खाऊ घरीच करायचा असं ठरवून त्यानं गाठली जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई. तिनं सांगितलं ते रंगनाथनं असं पाठ केलं की सकाळी हरिपाठाच्या आधी तेच. बिनहाडाची कोंबडी घ्यायची. चरबी काढायची, कारण चरबी खवट होते. कांदा नाही, लसूण नाही, मीठ-मसाला नाही. आधी पुरती शिजवायची, मगच वाळवायची. ओलसर राहिली तर बुरशी धरते. आणि हा खाऊ आहे, जेवण नाही, म्हणून तुकडाच द्यायचा.

"आणि रंग?" यानं विचारलं.

बाई म्हणाली, "आजोबा, रंग कुत्र्यासाठी नसतो. घेणाऱ्यासाठी असतो."

हे त्याला फार लागलं.

बेल्ह्याच्या हमीदभाईच्या दुकानात तो कोंबडी घ्यायला जायचा तो नाकाला टॉवेल लावून. तिथंही परीक्षा. सकाळची का कालची? बर्फात होती का? हमीदभाई एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, लग्नाच्या पंगतीला नेणारे एवढं विचारत नाहीत हो."

"त्यांना तोंड हाय, हमीदभाई. बिघडलं तर ते तुला शिव्या द्येतील. कुत्रं कुनाला द्येनार?"

त्या दिवसापासून हमीदभाई रंगनाथ दिसला की स्वतःच हात वर करून सांगायचा, "आजची आहे, ताजी आहे, शपथ घेतो!"

शिजवायला अंगणात वेगळी चूल, वेगळं पातेलं. पहिलं वाळवण पत्र्यावर घातलं. बायकोच्या कुरडयांची बाज, वर मच्छरदाणी, शेजारी हा काठी घेऊन. गावातले कावळे, मांजरं आणि रिकामी माणसं, सगळी गोळा. माळकऱ्याच्या पत्र्यावर कोंबडी म्हटल्यावर लोक काय सोडतात! "आप्पा, माळ तुमची का कोंबडीची?" हा ढिम्म. पण माशा काही ऐकेनात, म्हणून त्यानं ते सगळं खड्ड्यात पुरलं आणि जुन्नरहून एक जुनी विजेची भट्टी आणली. मग वीज जायला लागली. अर्धवट वाळलेला घाणा हा परत भट्टीत घालीना. "खोट लपवायची न्हाई," म्हणायचा आणि पुरायचा. आमच्या बोरीत त्या हिवाळ्यात जितक्या कोंबड्यांना मूठमाती मिळाली तितकी कधी मिळाली नसेल.

शेवटी एक घाणा जमला. पट्टी वाकवली की काडीसारखी कट्कन मोडायची. आता चव कोण बघणार? ह्याच्या गळ्यात माळ. हा माझ्याकडं बघायला लागला.

"आमच्या सात पिढ्यांत कुनी कुत्र्याचं खाल्लेलं न्हाई," मी ठणकावून सांगितलं.

"आजून कुत्र्यानं तोंड लावलंय कुटं? आत्ता मानसाचंच हाय."

खाल्लं. खोटं कशाला सांगू, बरं होतं. फक्त मीठ पाहिजे होतं. तसं म्हणालो तर त्यानं माझ्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला.

मग त्यानं सुनेला फोन केला. दोनदा नंबर लावून कापला, तिसऱ्यांदा बोलला. "जत्रेला या. चिकूला घिऊन या. त्याला काय झालं तर मी परत बोलवायचा न्हाई." फोन ठेवला आणि भट्टी पुसायला घेतली.

जत्रेला गाडी आली. सईनं चिकूला छातीशी धरलेलं, खाली सोडेना. मनीषानं पिंपरीहून स्वतःचं पाकीट आणलेलं. रंगनाथ म्हणाला, "त्यात काय काय हाय, वाच की." ती वाचत गेली. साखर आली तसा हा उसळला. "साखर? लगीन हाय व्हय त्याचं?" सई खुदकन हसली आणि त्या हसण्यात चिकू तिच्या हातातून निसटला.

रंगनाथनं नखाएवढा तुकडा तळहातावर धरला. चिकूनं हुंगलं. मागं सरला. परत हुंगलं. कट्कन आवाज आला. रंगनाथनं दुसरा तुकडा दिला नाही. "आता थांबायचं," म्हणाला आणि दिवसभर त्या कुत्र्याच्या मागं मागं हिंडला. तिकडं देवळापाशी कुस्त्या चालल्या होत्या आणि हा चिकूचं पोट चाचपत होता. उजाडलं, चिकू अंगणात माझ्या कोंबड्यांच्या मागं घुंगरू वाजवत पळाला, तेव्हा कुठं ह्यानं चहा घेतला.

दोन दिवसांसाठी आलेली मंडळी आठवडाभर राहिली. निघताना सून आपण होऊन म्हणाली, "बाबा, खरंच छान झालंय. जरा जास्तच बांधून द्या."

रंगनाथ आत गेला आणि एक लहानशी पुडी घेऊन आला.

"एवढंच?" सई म्हणाली.

"येवढंच ऱ्हायलंय, बाय. सपलं की या. ताजं करून ठिवतो."

गाडी वळणावरून गेली. ऊन झालं होतं, म्हणून मी त्याच्या घरात गार पाणी घ्यायला फ्रिज उघडला. ज्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं तिथं, वर बर्फाच्या कप्प्यात, डबे होते. पट्ट्यांनी गच्च भरलेले, झाकण लागत नव्हतं असे.

"रंगा, हे काय रं? त्यांना न्हाई म्हनालास?"

तो दारातच उभा होता, रस्त्याकडं तोंड करून.

"समदं दिलं आस्तं तर परत कशाला येतील, दामू?"

मी पाणी प्यालो. फ्रिज लावला, दार घट्ट बसलंय का बघितलं. मग म्हणालो, "पुढच्या बाजारी कोंबडी मी आनतो. तू नुसता नाकाला टॉवेल लावून संगं चल."