तात्यांच्या डोक्यातली यादी

"तात्या, गणपत परत आला," दौलतने गॅलरीतूनच सांगितलं.

"सकाळी सत्याग्रहाला गेलेला माणूस दुपारी सुटला?"

"पकडलाच नाही त्याला. तुम्ही त्याचं नाव पुकारलं नाहीत. वळकटी घेऊन चहावाल्याकडे बसून राहिला, नि तुकडी गेली. आता घरात तोंड लपवून बसलाय."

करी रोडच्या त्या चाळीत संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाणाऱ्यांची नावं कागदावर लिहीत नसत. कागद पोलिसांच्या हाती लागला असता. नावं तात्यांच्या डोक्यात असत. गिरणी सुटल्यापासून तात्यांकडे एवढंच एक मानाचं काम उरलं होतं.

"शनिवारी पुढच्या तुकडीची बावीस नावं सगळ्यांसमोर म्हणून दाखवा," तुकड्या जमवणारा दौलत म्हणाला. "एक जरी गळलं तर काम दुसऱ्याकडे."

तात्या तडक दादरच्या वैद्यांकडे गेले. वैद्य म्हणाले, "म्हातारपणी डोकं ताटावर चालतं. रोज पालेभाजी, बांगडा नाहीतर तारली, दोन अक्रोड. तळलेलं बंद. आणि दोन घास कमीच खा."

शेवटचं वाक्य तात्या घरी पोचेपर्यंत विसरले.

बाकीचं त्यांनी बायकोला, सुभद्राबाईंना सांगितलं. सुभद्राबाईंनी ते नळावर जाईबाईंना सांगितलं, आणि मग कुणाला सांगायची गरज उरली नाही. चाळीची अब्रू तात्यांच्या डोक्यात होती. संध्याकाळी सहा घरांतून बांगड्याचं तिखलं आलं, चार घरांतून माठाची भाजी. गणपतने मन मोठं करून अक्रोड आणले.

"परत पाठव ना थोडं," तात्या म्हणाले.

"शेजारची वाटी परत धाडायची? जाईबाई जन्मभर बोलायची नाही. खा मुकाट्यानं."

चार दिवस हेच चाललं. पोट इतकं तटतटलं की तात्यांना बसवेना. ते सकाळ-संध्याकाळ गॅलरीत येरझारा घालू लागले. नुसतं काय चालायचं, म्हणून एकेका दारापाशी त्या घरातल्या माणसाचं नाव पुटपुटायचे.

"काय हो, भूतबाधा झाली काय?" जाईबाईंनी विचारलं.

"तुमचा बांगडा झालाय."

शनिवारी चाळीच्या चौकात सगळे जमले. तात्यांनी पोटावर हात ठेवून सुरुवात केली आणि एका दमात बावीस नावं म्हटली. गणपतचं सर्वांत आधी. सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"शाबास तात्या," दौलत म्हणाला. "काम तुमचंच. चला, उठू या."

"थांब. अजून आहे," तात्या म्हणाले. येरझारांत त्यांना एकही दार चुकलं नव्हतं. "गेल्या महिन्यात नावं देऊन न आलेले. दगडू, ऐन वेळी दाढ दुखली. बाबुराव, गावाहून पाहुणे आले. सीताराम, तापाचं सांगून दुपारी पत्ते खेळत होता."

सीताराम चप्पल शोधू लागला. बायका हसू लागल्या.

"तात्या, पुरे झालं," दौलत म्हणाला.

"एकच राहिलंय. दौलत, माझगावला सासुरवाडीत दोन दिवस."

दौलतची बायको मागच्या रांगेत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या माहेरी? ते दोन दिवस मी तिथंच होते. हे कुठं होते?"

दौलतने घाम पुसला, खिशातून पेन्सिल काढली आणि शेजारच्याकडे हात केला.

"कागद दे रे. यादी लिहूनच काढू या."

"नि पोलिसांना सापडली तर?"

"सापडू दे," दौलत म्हणाला. "ते फार तर तुरुंगात घालतील."